मंदाताईंचं नाक

मंदाताई गायकवाड आमच्या घरी पहिल्यांदा आल्या तेव्हा आमची खोकीसुद्धा उघडलेली नव्हती. पाटबंधारे खात्यातल्या माझ्या बदलीमुळं आम्ही नवरा-बायको नुकतेच धाराशिवला राहायला आलो होतो. शेजारच्या घरातून एक उंच, सावळ्या, पिकल्या केसांचा बॉबकट केलेल्या बाई आल्या, दारात चपला काढल्या, "मी मंदा, शेजारची," एवढं बोलल्या आणि तिथंच थबकून त्यांनी नाक वर केलं.

"लसूण जरा जास्त लाल झाला, मग कढीपत्त्याची आठवण झाली. व्हय ना?"

माझी बायको वर्षा हातात पळी घेऊन बाहेर आली. चोरी पकडली गेल्यासारखं तिचं तोंड झालं होतं.

"आमटी फक्कड होणार," मंदाताई म्हणाल्या. "चूक काढत न्हाय मी. वास आला म्हणून बोलले. वाटीभर द्या मला."

संध्याकाळी वाटी परत आली. तिच्यात चिकूएवढा एक हिरवा ड्रॅगन बसला होता, अगदी डोळ्यांतली बुबुळंसुद्धा बारीक ब्रशनं रंगवलेला. "घरीच छापलाय, थ्रीडी प्रिंटरवर, प्लास्टिकचा," त्या म्हणाल्या. "आमटीची पोचपावती."

मंदाताई मूळच्या बेंबळीच्या. टेलिफोन खात्यात नोकरी केली, लग्न केलं नाही, मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि हे घर बांधलं. नोकरीतली काही वर्षं नाशिकला गेली. तिथं एका मैत्रिणीचा भाऊ वाईन बनवणाऱ्या कारखान्यात रसायनशास्त्रज्ञ होता. त्यानं एकदा यांच्या हातात पेला दिला आणि विचारलं, कशाकशाचा वास येतोय? यांनी जे सांगितलं ते ऐकून तो माणूस खुर्चीवरून उठला म्हणे. हा "उठला म्हणे" भाग त्या दर वेळी थोडा वाढवून सांगायच्या, पण नाक होतं हे खरं. त्या पुस्तक विकत घेण्याआधी उघडून हुंगायच्या. रिक्षात बसल्या की आधी कोण बसून गेलं, मोगऱ्याचा गजरा होता की खोबरेल तेल, हे सांगायच्या. "आधी नाक, मग जीभ, मग मत," त्या म्हणायच्या. "लोक आधी मत देऊन बसतात, म्हणून त्यांचं जेवण बेचव होतं."

वाईन त्या प्यायच्या ती रविवारी दुपारी, जेवणाबरोबर, एक पेला. दुसरा घेतलेला मी कधी पाहिला नाही. तो एकच पेला मात्र जेवण संपेपर्यंत पुरायचा, कारण निम्मा वेळ त्यांचं नाकच त्यात असायचं. धपाट्याबरोबर पांढरी, काळ्या मसाल्याच्या मटणाबरोबर तांबडी, भूमच्या खव्याच्या पेढ्यांबरोबर ती दाट गोडसर असते ती. असल्या जोड्या त्या लावायच्या आणि चुकल्या की मोकळेपणानं सांगायच्या, "आज दोघांचं भांडण झालं बघा ताटात."

त्यांची बाहेरची खोली म्हणजे उघड्या पोटाचे संगणक, वायरींचे गुंते, परग्रहांवरच्या कादंबऱ्या, चित्रकथांची चवड आणि फळीवर उभी असलेली राक्षसांची, पऱ्यांची, बुटक्या लोहारांची रंगवलेली फौज. सुती साडीला त्यांनी परकराच्या बाजूनं एक खिसा शिवून घेतला होता. त्यात स्क्रूड्रायव्हर आणि फासे असायचे. फासे साधे नव्हेत, वीस बाजूंचे.

हे फासे कशाला, ते पहिल्याच रविवारी कळलं. मंदाताईंकडं दुपारी "मोहीम" चालायची. मोहीम म्हणजे खेळ. त्या गोष्ट सांगणार, आपण प्रत्येकानं गोष्टीतलं एकेक पात्र व्हायचं, काय करायचं ते आपण ठरवायचं आणि जमलं की फसलं ते फासा सांगणार. राज्य काल्पनिक, पण नकाशात बारवा होत्या, आटलेले तलाव होते, किल्ल्याच्या पोटातून पाणी वाहत होतं. खेळायला दोघं आधीपासून होते. एक बप्पा शिंदे, तुळजापूरच्या पुढचे द्राक्षबागायतदार, साठी ओलांडलेले, डोक्यावर कायम कडक टोपी. दुसरे सलीमभाई, मसाला कांडपाच्या गिरणीचे मालक. बप्पांचा संगणक आणि सलीमभाईंची गिरणीची मोटार मंदाताईंनी दुरुस्त केली होती, आणि त्यानंतर दोघं रविवारी इथं येऊ लागले ते आलेच.

खेळात बप्पा जादूगार होते. सलीमभाई चोर. "उमरभर किसीकी सुई नाही उचलली," ते म्हणायचे, "इथं तरी हात मारू द्या मॅडम." वर्षानं पहिल्याच दिवशी तलवारवाली भाडोत्री शिपाईण घेतली आणि शांत स्वभावाची माझी बायको "कापून काढते!" म्हणून ओरडली. माझं पात्र वरचेवर मरायचं.

एकदा आम्हांला पुलावर राक्षसानं अडवलं. वर्षा तलवार उपसून तयार. बप्पांची पाळी आली. सगळ्यांना वाटलं आता हे आगीचा गोळा फेकणार. बप्पांनी टोपी सारखी केली आणि राक्षसाला विचारलं, "पाव्हणं, गाव कुठलं तुमचं?"

"बप्पा, तो राक्षस आहे," वर्षा म्हणाली.

"असू दे की. राक्षसाला सोयरं नसत्यात व्हय?"

मंदाताईंनी क्षणभर विचार केला. म्हणाल्या, "टाका फासा." बप्पांनी टाकला. वीस. याच्या वर दान नाही. मग मंदाताईंनी आवाज घोगरा करून सांगितलं, की राक्षसाचं आजोळ आणि जादूगाराच्या बायकोचं माहेर एकाच शिवारात निघालं. राक्षसानं गळाभेट घेतली आणि सगळ्यांना जेवायला बसवलं. "काय वाढलं त्यानं?" सलीमभाईंनी विचारलं. मंदाताई उठून आत गेल्या आणि येसर आमटीचं वाफाळतं पातेलं घेऊन आल्या. गोष्टीत जे जेवायचं ते त्या दिवशी घरात शिजलेलं असायचं. आम्ही राक्षसाचे पाहुणे झालो नसतो तर तिचं काय झालं असतं, असं मी विचारलं. "पुलाखाली खानावळ होती," त्या म्हणाल्या. "तुम्ही कुठूनही गेला असता तरी आमटीच मिळाली असती."

त्यांचं वाईनचं कपाट मागच्या खोलीत होतं. इथल्या मे महिन्यात वाईन टिकवणं म्हणजे बर्फ रस्त्यावर ठेवून सांभाळण्यासारखं. त्यांनी एका मेलेल्या फ्रिजला पंखे, बॅटरी आणि उष्णता मोजणारी चिप बसवून जिवंत केलं होतं. आत तापमान वाढलं की ते कपाट त्यांच्या मोबाइलवर बोलायचं, आणि तेही त्यांच्याच आवाजात, बेंबळीच्या बोलीत. एकदा आम्ही सगळे तुळजापूरला एका लग्नात पंगतीला बसलो होतो. मंगलाष्टकं संपून शांतता झाली होती. मंदाताईंच्या खिशातून मोठ्यानं आवाज आला, "मंदे, लई उकडायलंय गं!"

वाढपी थांबला. समोरच्या पंगतीतली एक आजी कनवाळूपणानं म्हणाली, "पंखा लावा की कुणीतरी त्या बाईला."

मंदाताई जेवण टाकून उठल्या. मी गाडी काढली. धाराशिवला पोचलो तर दिवसभर वीज नव्हती आणि बॅटरीनं मान टाकली होती. त्यांनी सगळ्या बाटल्या दोन बादल्यांत घातल्या, दोर बांधले आणि कॉलनीच्या मागच्या जुन्या आडात पाण्याला टेकतील अशा सोडल्या. वीज आल्यावर बादल्या वर ओढताना नेमके तिथं आले गुरुजी. हे निवृत्त मुख्याध्यापक, आमच्या कॉलनीचे अध्यक्ष, निर्व्यसनी आणि त्याचा रास्त अभिमान बाळगणारे. त्यांनी बादलीत डोकावून पाहिलं आणि तसेच माघारी फिरले.

दुसऱ्या दिवशी ते मंदाताईंच्या दारात उभे राहिले. मला त्यांनी साक्षीदार म्हणून सोबत आणलं होतं.

"ताई, कॉलनीत पोरीबाळी आहेत," ते म्हणाले. "लोक बोलायला लागले. बाईमाणसानं असं..."

मंदाताईंचा आवाज चढला नाही, पण थंड झाला. "गुरुजी, परवाना आहे माझ्याकडं. माझ्यापायी कुणाला त्रास झाला का आजवर? बापईमाणसं रस्त्यात पडलेली असतात, त्यांच्या दारात गेलात का कधी?"

माणूस प्रामाणिक होता. "नाही गेलो," गुरुजी म्हणाले.

"मग बसा. पिऊ नका. फक्त वास घ्या, आणि मग सांगा मी काय पाप करते ते."

गुरुजी अवघडून बसले. मंदाताईंनी पांढऱ्या वाईनचा पेला त्यांच्यापुढं धरला. गुरुजींनी नाक जवळ नेलं, मागं घेतलं, परत नेलं. मग डोळे मिटले.

"पेरू," ते हळूच म्हणाले. "आजोळी आडाशेजारी झाड होतं. आतून गुलाबी निघायचा. ते झाड तोडून साठ वर्षं झाली असतील हो."

मंदाताईंनी पेला तसाच धरून ठेवला. गुरुजींनी तो कधी तोंडाला लावला नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. पण कॉलनीच्या बैठकीत तो विषय पुन्हा निघाला नाही. कुणी काढू पाहिला तर गुरुजी म्हणायचे, "मी स्वतः चौकशी केलेली आहे."

याच सुमाराला बप्पांच्या डोक्यात मंदाताईंनी एक किडा सोडला. बागेच्या कडेच्या उताराच्या तुकड्यात वाईनची द्राक्षं लावून बघा. बारीक, काळा, बियांचा दाणा. बप्पांच्या घरच्यांनी वेड्यात काढलं. बप्पांनी लावली. नाशिककडच्या एका लहान, परवानेवाल्या कारखान्याशी मंदाताईंनी बोलणं केलं: पहिला तोडा तिथं पाठवायचा, बाटल्या तिथंच भरून यायच्या. आमच्या मोहिमा आता निम्म्या वेलींवर बोलण्यात जायच्या. पानांवर भुरीचा रोग आला, भुरी गेली, फुलोरा चांगला बसला. शेवटी एका फेब्रुवारीत बप्पांचा टेंपो भरून नाशिकला गेला आणि आम्ही सगळे बाटल्यांची वाट बघायला लागलो.

मधल्या काळात मंदाताईंना ताप आला. आठवडाभरात उठल्या, हिंडू-फिरू लागल्या, मोहीम परत सुरू झाली. जेवण तेच, गप्पा त्याच. पेला उचलून त्या आधीसारखंच काय काय सांगायच्या. वर्षा एकदा घरी येऊन म्हणाली, "आज भाजीत मीठ दोनदा पडलं होतं." मी लक्ष दिलं नाही.

मग तो रविवार आला. बप्पा जेवताना ताकच घ्यायचे; सलीमभाईही वाईन घेत नसत, त्यांच्यासाठी मंदाताई जांभळाचं सरबत करायच्या आणि तसल्याच पेल्यात द्यायच्या, "म्हणजे तुम्ही पंगतीतून उठल्यासारखं वाटायला नको." त्या दिवशी पानं वाढताना पेल्यांची अदलाबदल झाली. मंदाताईंनी पेला उचलला, फिरवला, नाकाशी नेला.

"मिरी," त्या म्हणाल्या. "थोडं लाकूड. मागं कुठंतरी धूर."

सलीमभाई आपल्या हातातल्या पेल्याकडं बघत होते. त्यांनी तो हुंगला आणि सावकाश खाली ठेवला. मंदाताईंनी एक घोट घेतला, तरी त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही.

"मॅडम," सलीमभाई अगदी हळू बोलले, "वो मेरा है. जांभळाचं."

मंदाताईंनी पेला ठेवला, खिशातले फासे काढले आणि उगीच एकाशेजारी एक लावले.

"कधीपासून, ताई?" वर्षानं विचारलं.

"तापापासून. कसलाच वास येत न्हाय गं, जिभेला चवबी न्हाय. फुलाचा न्हाय, गटाराचा न्हाय. गेले कितीतरी रविवार मी नुसतं पाठांतर म्हणत होते." त्यांना रडताना मी तेव्हा पाहिलं, एकदाच. "बप्पांच्या बाटल्या येतील आता. माझ्या शब्दावर लावलं त्यांनी. आणि मला कळणार सुद्धा न्हाय काय आलंय ते."

बप्पांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "ताई, वेलाला फळ धरायला थांबलोच की म्या. तुमच्या नाकाला थांबंना का? बाटल्या येऊ द्या. तुमी म्हणाल तवाच बूच निघंल."

आणि बाटल्या आल्या, त्या बंदच राहिल्या. बप्पांच्या घरचे विचारायचे, नाशिकवाले फोन करायचे. बप्पा एकच उत्तर द्यायचे, "परीक्षक आजारी हायेत."

डॉक्टरांनी सांगितलं की नाकाला रोज तालीम द्या, येईल किंवा येणारही नाही. तालीम म्हटल्यावर मंदाताईंमधली टेलिफोनवाली जागी झाली. सलीमभाईंनी बरण्या भरून दिल्या: लवंग, दगडफूल, भाजलेली मिरची, जायपत्री. मंदाताईंनी संगणकासाठी आज्ञावली लिहिली. तो मनाला येईल तो आकडा दाखवायचा, वर्षानं त्या आकड्याची बरणी त्यांनी डोळे मिटले की नाकाशी धरायची, त्यांनी उत्तर द्यायचं. पडद्यावर एक लहानसा चौकोनी योद्धा डोंगर चढायचा. उत्तर चुकलं की घसरायचा. पावसाळा गेला, दिवाळी आली, तो योद्धा पायथ्याशीच. मध्येच काही दिवस सगळं उलटंपालटं झालं. कॉफीला जळक्या टायरचा वास यायला लागला. "येऊ द्या," त्या म्हणाल्या. "रॉंग नंबर तर रॉंग नंबर. लाइन जिवंत आहे म्हणायची." हसल्या, पण स्वयंपाक त्यांनी जवळजवळ सोडला होता. डबा आमच्याकडून जायचा आणि बहुतेकदा निम्मा परत यायचा.

मोहीम मात्र आम्ही बंद पडू दिली नाही. त्यांना गोष्ट सांगायचा उत्साह नसे, म्हणून बप्पा सांगू लागले. बप्पांच्या गोष्टीत सगळे राक्षस एकमेकांचे साडू निघायचे आणि लढाई कधी व्हायचीच नाही. मंदाताई चिडून सुधारणा करायच्या आणि त्या नादात तासभर बऱ्या असायच्या.

हिवाळ्यात आमचा मिक्सर बंद पडला. वर्षा तो मुद्दाम त्यांच्याकडं घेऊन गेली. दुकानात नेण्याचा विषय तिनं काढू दिला नाही. मी मागोमाग गेलो. मंदाताईंनी झाकण खोललं, तुटलेली तार शोधली आणि डाग द्यायला तापलेली सळई सोल्डरच्या तारेला टेकवली. निळसर धुराची एक रेघ वर गेली.

त्यांचा हात थांबला. मग त्यांनी परत टेकवली, आणि तोंड धुरावर नेलं.

"राळ," त्या म्हणाल्या.

"काय?"

"राळ! तारेतली राळ जळतीय, वर्षा! झाडाची राळ!" त्या उभ्याच राहिल्या. पुन्हा टेकवली, पुन्हा. खोकला आला तरी पुन्हा. सोल्डरची सगळी तार त्यांनी तिथं टेबलावर वितळवून टाकली. वर्षा त्यांच्या गळ्यात पडली. मिक्सर आम्ही तसाच उघड्या पोटानं घरी आणला.

त्यानंतर वास एकेक करून आले. आधी लवंग, मग मिरची, मग पाऊण पायरी मागं जाऊन पुन्हा लवंग. तो चौकोनी योद्धा डोंगरमाथ्यावर पोचला त्या दुपारी सलीमभाईंनी गिरणीतल्या गड्यांना जिलेबी वाटली. गड्यांना कारण विचारलं तर म्हणाले, "मॅडमला दगडफूल मिळालं." गड्यांना वाटलं, सोनंबिनं असेल.

मग बप्पांची बाटली उघडायचा रविवार ठरला. बप्पा धुतलेलं धोतर आणि नवी टोपी घालून आले. गुरुजींनाही बोलावलं होतं. मंदाताईंनी पहाटेपासून मटण शिजवलं होतं, आणि पातेल्यात बुडवलेली उष्णता मोजायची काडी मधून मधून टुकटुक वाजत होती. बूच निघालं. बप्पांनी आयुष्यात कधी असलं काही घेतलं नव्हतं; आपल्या रानातलं म्हणून एक घोट घेतला आणि तोंड वाकडं करून म्हणाले, "ह्याच्यापरीस सर्दीचा काढा बरा." पण नजर मंदाताईंवर.

त्यांनी पेला फिरवला. नाक आत नेलं. बराच वेळ बाहेर काढलं नाही.

"जांभळाची साल," त्या म्हणाल्या. "मिरी. ऊन लागलेल्या दगडाचा वास."

बप्पांचा चेहरा फुलला. मग मंदाताईंनी घोट घेतला, तोंडात घोळवला, गिळला, आणि पेला खाली ठेवला. त्यांनी आमच्याकडं पाहिलं नाही. मला वाटतं, खोटं बोलावं की काय, हे त्या तेवढ्यात ठरवत होत्या.

"बप्पा, वास चांगला आहे. वाईन चांगली न्हाय."

वर्षानं माझा हात धरला.

"तोडायची घाई झाली. दाणा गोड झाला होता, पण बी हिरवी होती. तो हिरवट तुरटपणा उतरलाय बघा. अजून थोडं थांबायला पायजे होतं."

बप्पांनी बाटली हातात घेतली. "वादळाची बातमी लागली व्हती," ते म्हणाले. "जीव न्हाय राह्यला. म्या आधीच तोडली. तुमाला बोललो न्हाय." आणि मग त्यांच्या पोटातून हसू उमटलं. ते हसू टोपी पडेपर्यंत वाढलं. "सलीमभाई, ऐका! बी हिरवी व्हती ते बाईला कळलं! आलं की हो नाक! समदं आलं परत!"

गुरुजींनी टाळ्या वाजवल्या. मंदाताई आधी चकित झाल्या, मग त्याही हसत सुटल्या, डोळे पुसत, पदरानं नाक पुसत. नापास झालेल्या वाईनचा एवढा आनंद दुसऱ्या कुणी केला असेल असं मला वाटत नाही. मटण अफाट झालं होतं.

पुढच्या हंगामात माझी सोलापूरला बदली झाली. सगळ्यांचा निरोप घेऊन झाला होता, पण सामानाच्या गाडीमागून आम्ही सकाळी निघालो तेव्हा वर्षा म्हणाली, बप्पांची बाग रस्त्यालाच आहे, एकदा बघून जाऊ. कडेला गाडी लावली. उताराच्या त्या तुकड्यात तोडणीला आलेल्या बाया टोपल्या घेऊन उभ्या होत्या आणि तोडणी थांबलेली होती. मधोमध मंदाताई होत्या. साडीचा पदर खोचलेला, डोळ्याला रसातली साखर मोजायची नळी, दुसऱ्या हाताच्या तळव्यावर फोडलेला दाणा. त्या तोडणीवाल्या बायांना एकेकीला जवळ बोलावून तो तळवा हुंगायला लावत होत्या. बाया हसत होत्या, वास घेत होत्या, काहीबाही सांगत होत्या. मग त्या बप्पांकडं वळल्या आणि जोरजोरानं नाही-नाही अशी मान हलवायला लागल्या.

आकाश एका बाजूनं भरून आलं होतं. बप्पांनी वर पाहिलं, मंदाताईंकडं पाहिलं, पुन्हा वर पाहिलं. मी हाक मारणार होतो, वर्षानं अडवलं.

बप्पांनी हातातली कात्री मिटली, खिशात घातली आणि सगळ्या बायांना चहाला बोलावलं.